बिलातील चूक कोणाच्या खात्यावर?

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात डोंगरांच्या कुशीत गागोदे बुद्रुक हे लहानसे गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा, म्हणजेच आचार्य विनोबांचा, जन्म या गावी झाला आणि बालपणाची पहिली वर्षे त्यांनी येथेच काढली. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेविषयी, विशेषतः ‘अनुशासन पर्व’ या शब्दप्रयोगाविषयी, त्या काळात तुरुंगवास भोगलेल्या पिढीच्या मनात सल राहिला आणि तो अस्थानी होता असे म्हणता येणार नाही. परंतु १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरवून घेतली, त्यांचे ऋण महाराष्ट्रातील कोणताही विचारी माणूस नाकारणार नाही. त्या प्रवचनांत कर्मयोग उलगडताना विनोबा महाभारतातील तुलाधार वैश्याचे स्मरण करून देतात.

शांतिपर्वातील ही कथा सर्वपरिचित आहे. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले. त्याला आपल्या तपाचा अहंकार झाला, तेव्हा आकाशवाणीने त्याला बजावले की, वाराणसीतील तुलाधाराची योग्यता तुझ्याहून अधिक आहे. जाजली शोध घेत गेला, तर त्याला भेटला तो दुकानात बसून माल विकणारा एक वाणी. विनोबांनी या कथेतून काढलेला अर्थ असा की, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तराजूची दांडी सरळ ठेवता ठेवता त्या वाण्याचे मनही सरळ झाले. दुकान हेच त्याचे तपोवन ठरले.

तुलाधाराच्या तराजूची जागा आता शहरांतील व तालुक्याच्या गावांतील मोठ्या दुकानांमध्ये पट्टी वाचणाऱ्या यंत्राने घेतली आहे. गल्ल्यावरील मुलगा वा मुलगी वस्तू यंत्रासमोर धरते, ‘टिक’ असा आवाज होतो आणि आकडा पडद्यावर उमटतो. या आकड्याची शहानिशा तेथे कोणी करत नाही. फळीवर ९९ रुपये लिहिलेले पाकीट बिलात ११० रुपयांना लागते, एकच वस्तू दोनदा मोजली जाते, कालच संपलेल्या सवलतीची पाटी आजही लटकत राहते. ग्राहकाने घरी जाऊन बिल वाचले, चूक हेरली आणि सवड काढून तो परत आला, तर अर्धा तास ताटकळल्यानंतर अकरा रुपये त्याच्या हातावर ठेवले जातात. अनेकदा पैसेही मिळत नाहीत, पुढच्या खरेदीत वळते करून घेण्याची चिठ्ठी मिळते. दुकानाच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटलेले असते. ते खरोखर मिटते काय? घेतलेले अधिक पैसे परत करणे म्हणजे भरपाई, की भरपाई ही त्याहून निराळी गोष्ट आहे? प्रश्न अकरा रुपयांचा दिसतो, म्हणून तो क्षुल्लक मानला जातो. एखाद्या दुकानात दिवसाला एक हजार ग्राहक येत असतील आणि प्रत्येकाच्या बिलात सरासरी दोन रुपये अधिक लागत असतील, तर महिन्याअखेर ही रक्कम ६० हजार रुपये होते आणि ती हरवल्याची जाणीव एकाही ग्राहकाला नसते.

येथे कोणाच्या हेतूवर शंका घेण्याची आवश्यकता नाही. मोठ्या दुकानात एकाच वस्तूची किंमत तीन ठिकाणी नांदते: वेष्टनावर छापलेली, फळीवरील चिठ्ठीवर लिहिलेली आणि संगणकात भरलेली. मुख्य कार्यालयातून रात्री संगणकातील किमती बदलल्या जातात आणि सकाळी फळ्यांवरील शेकडो चिठ्ठ्या बदलायला मोजकीच माणसे असतात. तेव्हा चुका होणारच. मात्र या चुकांची एक गंमत आहे. किंमत चुकून कमी लागली तर दुकानाचे नुकसान होते आणि ते मालकाच्या हिशेबनिसाला आज ना उद्या दिसते. मग ती चूक तत्काळ दुरुस्त होते. किंमत अधिक लागली तर दुकानाच्या वहीत काहीच बिघडत नाही. ती चूक शोधण्याचे काम त्याच व्यक्तीवर पडते, जिच्या एका हातात पिशव्या आहेत, दुसऱ्या हाताला मूल आहे आणि जिच्या मागे दहा माणसांची रांग उभी आहे. अशा रीतीने प्रामाणिक चुकांचा ढीगही हळूहळू एकाच बाजूला साचत जातो. तराजूची दांडी कोणी मुद्दाम वाकवलेली नसते, पण ती वाकलेली राहते.

किराणा दुकानदाराकडे ही चूक वेगळ्या रीतीने निस्तरली जात असे व आजही जाते. त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार असते. ‘काल पाच रुपये जास्त लागले’ असे म्हटले की तो वहीत वजा करतो, वर मुलाच्या हातावर गोळी ठेवतो, आणि न सांगताही विषय संपतो. त्या मुलाच्या हातावरची गोळी हीच खरे तर भरपाई होती, फक्त तिला कोणी तसे नाव दिले नव्हते. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. पारड्याखाली मेण किंवा चिंच चिकटवणारे महाभाग याच समाजात होऊन गेले आणि सुट्या पैशांऐवजी चॉकलेट देण्याची खोडही लहान दुकानांतूनच पसरली. तरीही तेथे चूक करणारा माणूस समोर असतो आणि त्याला गावात तोंड दाखवायचे असते. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्रातील तत्कालीन सरकारने बहुविध ब्रँडच्या किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा दिली, तेव्हा स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी तिला जो विरोध केला, त्यामागे केवळ दुकानदारांच्या पोटाची चिंता नव्हती. बाजारातील नाती संपली तर बाजाराला आवर कोण घालणार, हाही प्रश्न होता. मोठी दुकाने स्वदेशी असोत वा विदेशी, नात्याची जागा तेथे नियमाने भरून काढावी लागते. तो नियम आज आपल्याकडे आहे काय?

कायदा आहे, पण तो अर्ध्या वाटेवर थांबतो. वेष्टनबंद वस्तूंवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती १९९० च्या सुमारास झाली, त्यासाठी ग्राहक चळवळीने मोठा आग्रह धरला होता. आज २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम यांनुसार छापील किमतीहून अधिक घेणे हा गुन्हा आहे. वैधमापनशास्त्र विभागाच्या निरीक्षकाने खटला भरला वा तडजोड शुल्क घेतले, तर तो पैसा शासनाच्या तिजोरीत जमा होतो. ज्याच्या खिशातून पैसे गेले, त्याच्या वाट्याला त्यातील एक पैसाही येत नाही. शिवाय मोठी दुकाने बहुधा छापील किमतीहून कमी दराने विकतात. छापील किंमत १२० रुपये, फळीवरील चिठ्ठी ९९ रुपयांची आणि बिल ११० रुपयांचे, अशा वेळी छापील किमतीचा भंग झालेलाच नसतो. ग्राहकाला मात्र ९९ रुपयांच्या पाटीनेच त्या फळीपर्यंत नेलेले असते. वस्तू उचलण्याचा निर्णय त्याने त्या पाटीवर विश्वासून घेतला.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै २०२० मध्ये लागू झाला, या बाबतीत अधिक डोळस आहे. कायद्याने ठरवलेली, वेष्टनावर दर्शवलेली, दुकानात लावलेल्या दरपत्रकात दर्शवलेली किंवा उभयपक्षी ठरलेली अशी कोणतीही किंमत ओलांडून पैसे घेतले, तर तक्रार करता येते आणि आयोग नुकसानभरपाईही देऊ शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, ग्राहकाला राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागता येते, वकील द्यावा लागत नाही, तक्रार संगणकावरूनही दाखल करता येते. पेण तालुक्यातील ग्राहकासाठी जिल्हा आयोग अलिबागला आहे. कागदावर हे सारे उत्तम आहे. परंतु अकरा रुपयांसाठी अलिबागच्या वाऱ्या करणारा ग्राहक कोठून आणायचा?

असा एक ग्राहक मात्र उत्तर प्रदेशात निघाला. मथुरेच्या एका वकिलांनी २५ डिसेंबर १९९९ रोजी मुरादाबादला जाण्यासाठी रेल्वेची दोन तिकिटे घेतली. प्रत्येकी ३५ रुपयांप्रमाणे ७० रुपये व्हायला हवे होते. खिडकीवरील कर्मचाऱ्याने ९० रुपये घेतले आणि सांगूनही २० रुपये परत दिले नाहीत. वकिलांनी ग्राहक न्यायालयात दाद मागितली. रेल्वेने हे प्रकरण ग्राहक न्यायालयाच्या कक्षेत येतच नाही असा पवित्रा घेतला. शंभराहून अधिक तारखा पडल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी, निकाल त्यांच्या बाजूने लागला: २० रुपये द.सा.द.शे. १२ टक्के व्याजासह परत करावेत, शिवाय १५ हजार रुपये द्यावेत. सरळव्याजाने हिशेब केला तर २० रुपयांचे व्याजासह सुमारे ७४ रुपये होतात. या गृहस्थांच्या चिकाटीला वंदन केलेच पाहिजे. त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे की, ज्या व्यवस्थेत २० रुपयांचा न्याय मिळवण्यासाठी मनुष्याला आयुष्यातील २२ वर्षे द्यावी लागतात आणि त्याला स्वतः वकील असावे लागते, त्या व्यवस्थेत बाकीचे सारे ग्राहक २० रुपये सोडून देतात. दुकानदारांना हे ठाऊक असते.

चंदीगडच्या ग्राहक न्यायालयाने २०१९ मध्ये पादत्राणांच्या एका दुकानाला, कागदी पिशवीसाठी ग्राहकाकडून तीन रुपये घेतल्याबद्दल, सुमारे नऊ हजार रुपये भरण्यास सांगितले होते. त्यातील मोठा भाग ग्राहकाकडे न जाता आयोगाच्या खाती जमा व्हायचा होता. या निकालाला वृत्तपत्रांनी मोठी प्रसिद्धी दिली. पण अशा निकालांनी दुकानांची रोजची वागणूक बदलते, असा अनुभव नाही. एका दुकानाला नऊ हजार आणि उरलेल्या हजारो दुकानांना शून्य, हे समीकरण लॉटरीचे आहे. त्याऐवजी प्रत्येक चुकीला जागच्या जागी, गल्ल्यावरच, छोटीशी परंतु अटळ किंमत असली पाहिजे. चूक अधिक केली की तोटा अधिक, हे एकदा मालकाच्या हिशेबनिसाला दिसले म्हणजे फळीवरील चिठ्ठ्या बदलायला माणसे आपोआप नेमली जातात.

हा विचार नवा नाही आणि परकाही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणात ‘वैदेहकरक्षण’ नावाचे प्रकरण आहे. वैदेहक म्हणजे व्यापारी, आणि रक्षण करायचे ते प्रजेचे, या व्यापाऱ्यांपासून. शीर्षकातच केवढा व्यवहारी उपरोध आहे! त्या प्रकरणात मापांतील किती फरक क्षम्य मानावा हे सांगितले आहे आणि त्यापलीकडे फरक गेला तर किती पणांचा दंड, हेही सांगितले आहे. हेतू होता की नव्हता याची चर्चा तेथे पहिली नाही. फरक किती पडला, ही पहिली. तराजू व मापे यांची दर चार महिन्यांनी तपासणी करून घ्यावी असेही कौटिल्य सांगतो. मनुस्मृतीत ही मुदत सहा महिन्यांची आहे. आजही दुकानातील काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो. पण काटा आता व्यवहाराचा एक लहान भाग राहिला आहे. पुडा कारखान्यातूनच तोलून येतो. दुकानात ‘तोलली’ जाते ती किंमत, आणि ती तोलणाऱ्या संगणकावर कोणाचाच शिक्का नाही. फळीवरील शंभर चिठ्ठ्या आणि संगणकातील शंभर आकडे ताडून पाहण्याचे काम आपल्याकडे कोणत्याही निरीक्षकाच्या नेहमीच्या कामात मोडत नाही. अमेरिकेत वजनमापे खात्याची माणसे अशी ताडणी करतात आणि शंभरापैकी किमान ९८ किमती बरोबर असाव्यात अशी तेथे अपेक्षा आहे. हे काम अवघड नाही. एक निरीक्षक, एक वही आणि एक सकाळ एवढेच त्याला लागते.

पाश्चात्त्यांचे सारे घ्यावे असे कोणी म्हणणार नाही. पण जेथे त्यांनी तुलाधाराचे काम केले आहे, तेथे ते पाहावे. कॅनडातील किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने २००२ मध्ये स्वतः होऊन एक संहिता स्वीकारली. दर्शवलेल्या किमतीहून गल्ल्यावर अधिक किंमत लागली, तर दहा डॉलरपर्यंतची वस्तू ग्राहकाला फुकट आणि त्याहून महाग असेल तर तिच्यावर दहा डॉलरची सूट, अशी मूळ संहितेतील तरतूद होती. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कायदाच आहे: फरक परत करायचा आणि वर फरकाच्या दहापट रक्कम द्यायची, ही अधिकची रक्कम किमान एक डॉलर व कमाल पाच डॉलर. ग्राहकाने ३० दिवसांत कळवायचे आणि दुकानाने दोन दिवसांत द्यायचे. दुकानाने दिले तर वाद संपला, न दिले तर न्यायालय आहेच. या दोन्ही व्यवस्थांत एक शहाणपण आहे. भरपाई एवढी मोठी नाही की ग्राहकाला चुका शोधण्याचा धंदा करावासा वाटेल आणि एवढी लहानही नाही की दुकानाला तिचा विसर पडेल. न्यायाधीशाची गरजच बहुतेक वेळा पडत नाही.

महाराष्ट्रातील मोठ्या दुकानांनी असा नियम आपणहून का लावू नये? शंभर रुपयांपर्यंतची वस्तू चुकीच्या किमतीने बिलात लागली तर ती ग्राहकाला विनामूल्य, त्याहून महाग असेल तर फरक परत आणि वर शंभर रुपये. एकाच वस्तूचे अनेक नग घेतले असतील तर हा लाभ एका नगापुरता, उरलेल्यांचा फक्त फरक. यंत्राने बिल करणाऱ्या दुकानांनाच हा नियम असावा. पेणच्या पेठेतील पोहे-पापड विकणारा किंवा हाताने हिशेब करणारा वाणी यातून वगळावा, कारण त्याच्या चुकीला आवर घालणारे गिऱ्हाईक त्याच्याच आळीत राहते.

यावर व्यापाऱ्यांकडून दोन आक्षेप येतात. पहिला असा की, लबाड ग्राहक चिठ्ठ्यांची अदलाबदल करून पैसे उकळतील. असे ग्राहक असतील, यात शंका नाही. पण दुकानांनी छतावर जागोजागी कॅमेरे बसवले आहेत ते चोर पकडण्यासाठीच. तेच कॅमेरे चिठ्ठी बदलणाऱ्यालाही पकडतील. मूठभरांच्या लबाडीसाठी बाकी साऱ्यांना अकरा रुपयांचे पाणी सोडायला सांगणे न्याय्य नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही भरपाई अखेरीस गल्ल्यावरील पोराच्या पगारातून कापली जाईल. तुटपुंज्या वेतनावर दहा-दहा तास उभे राहून काम करणाऱ्या, गावाकडून शहरात आलेल्या तरुण-तरुणींच्या माथी मालकाच्या संगणकातील चूक मारली जाणार असेल, तर ही भरपाई नसलेली बरी. म्हणून नियमाच्या पहिल्याच ओळीत हे नोंदले पाहिजे की, भरपाई दुकानाच्या खात्यातून जाईल आणि ज्याने ती दिली त्या कर्मचाऱ्याच्या वेतनाला हात लागणार नाही. किमती ठरवणारा, चिठ्ठ्या छापणारा आणि माणसे कमी नेमणारा मालक असतो; ऋण त्याचेच आहे. मजदूर संघाच्या कार्यकर्त्यांनी या मुद्द्यावर ग्राहक पंचायतीच्या खांद्याला खांदा लावायला हवा, कारण गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे एकाच घरातील असू शकतात.

ग्राहकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. किंमत कमी लागली, एक वस्तू मोजायची राहून गेली, शंभराऐवजी पाचशेची मोड परत मिळाली, अशा वेळी किती जण मागे फिरतात? ‘एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो’ हे वाक्य सुशिक्षित घरांतही सर्रास ऐकू येते. कंपनीला फरक पडत नसेल. दिवसअखेर गल्ल्याचा हिशेब जुळला नाही तर त्या मुलीला पडतो. मुलांना घेऊन खरेदीला जाणाऱ्या आईवडिलांनी मुलांदेखत ते पैसे परत केले, तर शाळेतील मूल्यशिक्षणाच्या तासाहून ते अधिक परिणामकारक ठरेल. कौटिल्यानेही मापात कमी आणि अधिक अशा दोन्ही फरकांची एकत्र नोंद घेतली आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

बारकोडची पट्टी वाचून पहिली वस्तू विकली गेली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यातील एका दुकानात. त्याच वर्षी पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उडी घेतलेला हा कार्यकर्ता नंतर डाळ-तांदळाच्या भावाकडे वळला, याचे अनेकांना तेव्हा नवल वाटले असेल. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि शेजारच्या काही कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचा माल सामूहिकरीत्या घेण्याची पद्धत मध्यमवर्गीय वस्त्यांत रुजली. ग्राहकाने संघटित व्हावे, पण व्यापाऱ्याचा शत्रू म्हणून नव्हे, ही या चळवळीची भूमिका राहिली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून साजरा होतो. साजरा होतो म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयात एक भाषण होते आणि चहा होतो. त्या दिवशी प्रत्येक तालुक्यात दोन-चार कार्यकर्त्यांनी मोठ्या दुकानाच्या व्यवस्थापकाला आगाऊ कळवून फळीवरील पन्नास चिठ्ठ्या आणि बिलातील पन्नास किमती ताडून पाहिल्या, त्याचा निष्कर्ष व्यवस्थापकाच्या हाती दिला आणि भरपाईची पाटी लावण्याची विनंती केली, तर भाषणाची उणीव कोणालाही जाणवणार नाही. ज्या दुकानात पन्नासच्या पन्नास किमती जुळतील, त्याचा जाहीर सत्कारही करावा.

अशा ताडणीची निकड सप्टेंबर २०२५ मध्ये प्रकर्षाने दिसून आली. वस्तू व सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून घटवण्यात आले, ही मध्यमवर्गाला मोठा दिलासा देणारी गोष्ट होती. परंतु दुकानांत जुन्या छापील किमतीचा माल पडून होता, त्यावर सुधारित किंमत लावण्यास कंपन्यांना मुदत देण्यात आली आणि काही काळ एकाच वस्तूच्या दोन-दोन किमती एकाच फळीवर दिसू लागल्या. कर कमी झाल्याचा लाभ मिळाला नाही अशा तक्रारी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर आल्या. २०१७ मध्ये कर लागू झाला तेव्हा नफेखोरीला आळा घालणारे प्राधिकरण नेमले होते. ग्राहकाची ओळख पटत नसेल तर कंपनीकडून वसूल केलेली रक्कम केंद्र व राज्याच्या ग्राहक कल्याण निधीत अर्धी-अर्धी टाकावी, असा त्याचा नियम होता. साबण वा बिस्किटे घेणाऱ्या लाखो ग्राहकांची ओळख पटणार तरी कशी? तेव्हा पैसा निधीत जमा झाला. सरकारने दर घटवले तरी शेवटचा पैसा ग्राहकाच्या हाती पोहोचतो की नाही, हे गल्ल्यावरच ठरते, आणि तेथे सरकार उभे नसते.

या साऱ्या चर्चेत एक ग्राहक अजूनही बाहेरच राहतो. गागोद्याच्या आसपासच्या डोंगरांतील ठाकूर-कातकरी वाड्यांतील माणसे बाजारहाटासाठी पेण-रोह्याकडे उतरतात, तेव्हा त्यांच्या हाती पडणारे यंत्राचे बिल बहुधा इंग्रजीत असते: वस्तूंची नावे तोडून आखूड केलेली, अक्षरे फिकी आणि आठवड्याभरात उडून जाणारी. ज्याला ते वाचता येत नाही, त्याला चूक झाल्याचेच कळत नाही. मग भरपाई कसली मागणार? दीनदयाळजींचा अंत्योदय योजनांच्या नावांत आला, तसा तो बिलाच्या कागदावरही यायला हवा. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला भरपाईची पाटी पुरेल. या ग्राहकासाठी बिल मराठीत, ठसठशीत अक्षरांत हवे, आणि प्रत्येक वस्तू मोजताना तिची किंमत ग्राहकाच्या बाजूच्या पडद्यावर मोठ्या आकड्यांत दिसायला हवी. दुकानांचे नामफलक मराठीत असावेत असा कायदा महाराष्ट्रात आहे आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी आंदोलनेही झाली. फलक दाराबाहेर असतो आणि पैसे आत मोजले जातात, तेव्हा मराठीची सक्ती दाराशी न थांबता गल्ल्यापर्यंत न्यावी, यासाठी राज्याच्या वैधमापनशास्त्र यंत्रणेकडे आणि दुकानांच्या संघटनांकडे निवेदने जायला हवीत. येत्या ग्राहक दिनापूर्वी ती पेण, रोहा आणि अलिबाग या तीन ठिकाणांहून गेली, तरी रायगड जिल्ह्यात या कामाला सुरुवात होईल.